नोस्ट्रोमोचा मुकादम

परग्रहावरचा जीव माणसाची छाती फोडून बाहेर येतो, तेव्हा पुण्या-मुंबईचा प्रेक्षक डोळ्यांवर हात घेतो. शेवगावचा प्रेक्षक शेजाऱ्याला कोपरानं ढोसून विचारतो, “आता ह्याच्या घरच्यांना भरपाई कोण देणार?”

हसण्यावारी न्यावा असा हा प्रश्न नाही. रिडली स्कॉट यांचा ‘एलियन’ 1979 च्या मे महिन्यात अमेरिकेत लागला आणि तेव्हापासून त्याच्यावर जाडजूड पुस्तकं निघाली. कुणाला त्यात बाळंतपणाची भीती दिसली, कुणाला स्त्रीमुक्ती, कुणाला माणसाचं एकटेपण. शेवगाव तालुक्यात हा सिनेमा मोबाइलवर, टीव्हीवर आणि हुरड्याच्या रात्री शेडच्या पांढऱ्या भिंतीवर प्रोजेक्टर मारून पाहिला जातो. तिथल्या जाणकारांचं मत असं, की हा मुळात ऊसवाहतुकीचा सिनेमा आहे. त्यात फक्त ऊस नाही.

गोष्टच बघा. नोस्ट्रोमो नावाचं यान. त्यात ना लढवय्ये, ना शोधाला निघालेले संशोधक. सात कामगार आहेत आणि एक मांजर. यानाच्या मागे खनिज शुद्ध करणारा आख्खा कारखाना ओढायचा आणि त्यात 2 कोटी टन माल. महाराष्ट्रातले सगळे साखर कारखाने मिळून एका चांगल्या हंगामात दहा कोटी टनांच्या आगेमागे ऊस गाळतात. म्हणजे राज्याच्या हंगामाचा पाचवा हिस्सा एकाच गाडीला जोडलेला. दोन ट्रॉल्या लावून भेंड्याच्या कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरमागे ज्यानं अर्धा तास धूळ खाल्ली आहे, त्याला या दृश्याचं नवल वाटत नाही. मागं रिफ्लेक्टर लावलेले नाहीत, एवढीच त्याची तक्रार.

पुढं हे सातजण लांबलचक झोपेतून उठतात, जेवायला बसतात आणि विषय निघतो पैशांचा. खालच्या मजल्यावर इंजिनाशी झटणारे पार्कर आणि ब्रेट म्हणतात, आम्हालाही बाकीच्यांसारखा पूर्ण वाटा पाहिजे. कप्तान सांगतो, करारात असेल तेवढं मिळेल. इथं शेवगावची बैठक सावरून बसते. तालुक्याच्या पूर्वेला, बोधेगाव-लाडजळगावच्या पट्ट्यात, हे बोलणं दरसाल दिवाळीच्या आगेमागे होत असतं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, आणि उचल त्याच हिशेबानं. पार्कर आणि ब्रेट हे दोन अर्धे कोयते आहेत, एवढं सांगितलं की पुढचा सिनेमा कुणाला समजावून द्यावा लागत नाही.

तालुका आहेच तसा. एका अंगाला जायकवाडीच्या फुगवट्याचं पाणी आणि दहिगाव-नेकडचे उसाचे फड. दुसऱ्या अंगाला परमुलखातले फड तोडायला निघणाऱ्या टोळ्या. बोधेगावात तर साखर कारखाना आहे आणि त्याच टापूतली माणसं घरदार गाडीत घालून दुसऱ्या कारखान्यांच्या थळांवर जातात. त्यामुळे सिनेमा बघायला बागायतदार, मुकादम, ट्रॅक्टरमालक आणि तोडणीवाला असे चारही पक्ष हजर असतात. त्यात कंपनीची बाजू घेणारा एक तरी निघतोच.

त्याला बोलायची संधी लवकरच मिळते. परतीच्या वाटेवर यानाच्या संगणकाला कुठून तरी एक संदेश ऐकू आलेला असतो आणि त्यानंच सगळ्यांना अर्ध्या वाटेत उठवलेलं असतं. संगणकाचं नाव ‘मदर’, म्हणजे आईच. आणि झोपमोड करणं हे आईचंच काम, याबद्दल कुणाचं दुमत नाही. पार्कर म्हणतो, आपण माल पोचवणारे, शोधाशोध आपलं काम नाही. त्यावर ॲश नावाचा अधिकारी करारातलं कलम पुढं करतो: असा संदेश आला तर चौकशी करायचीच, नाही केली तर वाटा जप्त. बागायतदार म्हणतात, “बरोबर आहे. सही केली ना?” पीककर्जाच्या कागदावर बँकेतल्या साहेबानं जिथं जिथं फुली मारली तिथं तिथं सही ठोकून आलेली माणसं यावर काही बोलत नाहीत. मुकादम मात्र बोलतो. त्याचं म्हणणं, असलं कलम उचल देताना तोंडी सांगायचं असतं. वाटेत सांगितलं की टोळी पळते.

ॲश हा माणूस नसून कंपनीनं माणसांत सोडलेला यंत्रमानव आहे, हे सिनेमात पार शेवटाकडं उघड होतं. दिग्दर्शकानं ते गुपित जपायला बराच आटापिटा केला आहे. शेवगावात ते पंधरा मिनिटांत फुटतं. पुरावा एकच पण बिनतोड: सगळे पगारावर भांडत असताना हा एकटा पैशाचं नाव काढत नाही.

आणि मग कंपनीचा गुप्त हुकूम पडद्यावर येतो. तो जीव कसंही करून परत आणा, बाकी सगळं दुय्यम, कर्मचारी गेले तरी चालतील. जगभरच्या प्रेक्षकांच्या अंगावर इथं काटा येतो म्हणतात. शेवगावात वेगळीच दाद मिळते. “निदान लिहून तरी दिलंय,” एक ट्रॅक्टरवाला म्हणतो. “आपल्याकडं लिहून कोण देतं?”

याच मालिकेतला ‘एलियन: रोम्युलस’ 2024 च्या ऑगस्टमध्ये आला, भारतात हिंदीतूनही, आणि त्यानं तर प्रकरण हातघाईवर आणलं. त्यातली रेन ही पोरगी सूर्य न दिसणाऱ्या एका खाण-वसाहतीत राबते. 12,000 तासांचं काम पूर्ण करून, आता मला सोडा म्हणत खिडकीपाशी जाते. खिडकीतली बाई संगणकात बघते आणि सांगते, कोटा वाढलाय, आता 24,000 तास; म्हणजे आणखी पाच-सहा वर्षं. राक्षस यायला अजून बराच अवकाश असतो, पण शेवगावपुरता भयपट इथंच सुरू होऊन इथंच संपतो. अंगावरची उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते, आणि पुढच्या हंगामात त्या बाकीवर नवी उचल चढते. त्याच वर्षी, जानेवारीत, तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली होती. ती मिळवायला संपाचे इशारे द्यावे लागले आणि बैठकांवर बैठका झाल्या. त्यामुळे रेनबद्दल तालुक्याचं निदान स्पष्ट आहे: पोरगी गुणी आहे, पण तिथं संघटना नाही.

आता राक्षसाविषयी. त्याच्याबद्दल शेवगावात फार आदर आहे असं म्हणवत नाही. मूळ सिनेमात तो मोजून चारेक मिनिटं दिसतो. त्या कातड्याच्या आत बोलाजी बाडेजो नावाचा नायजेरियन तरुण होता, 6 फूट 10 इंच उंचीचा. तो लंडनमध्ये शिकत होता आणि सिनेमावाल्यांना एका पबमध्ये सापडला. हे कळल्यावर तालमीत घाम गाळलेल्या मंडळींची निराशा होते. एवढा उंच गडी, मग कुस्ती का दाखवली नाही? त्यांच्या डोळ्यांपुढं दारासिंग असतो. ‘चाँद पर चढाई’ हा त्याचा सिनेमा 1967 चा, म्हणजे आर्मस्ट्राँगच्या दोन वर्षं आधीचा. त्यात दारासिंग चंद्रावर जातो आणि तिथल्या राक्षसांशी झुंजतो. विज्ञानाच्या नावानं आनंद होता, पण प्रश्न जागच्या जागी सुटायचा. नोस्ट्रोमोवर सातजणांपैकी एकालाही पट काढता येत नाही, ही उणीव या गटाला शेवटपर्यंत सलते.

भीतीच्या बाबतीत तर तालुक्याचा स्वतःचा माणूस आहे. सदाशिव अमरापूरकरांच्या नावातलं अमरापूर इथलंच, शेवगावहून पाथर्डीला जाताना लागणारं. 1991 च्या ‘सडक’मधली त्यांची महाराणी ज्यांनी थिएटरात पाहिली, ते आजही म्हणतात की एलियनला दोन जबडे असले तरी ते हसणं नाही. फिल्मफेअरनं खलनायकासाठी वेगळं पारितोषिक सुरू केलं, तेव्हा पहिलं याच भूमिकेला दिलं. एलियनचं दिसणं घडवणाऱ्या एच. आर. गीगर या स्विस चित्रकारालाही ऑस्कर मिळालं, पण ते दृश्यचमत्कारांबद्दल आणि चार सहकाऱ्यांबरोबर वाटून. अमरापूरकरांना पुरस्कार एकट्याला मिळाला होता, हा मुद्दा चर्चेत दर वेळी कुणी तरी नोंदवतंच.

छाती फुटण्याच्या त्या गाजलेल्या प्रसंगाचं शेवगावातलं परीक्षण जास्त तांत्रिक असतं. केन नावाचा गडी जेवायला बसलाय, घरी गेल्यावर पहिल्यांदा चांगलंचुंगलं खाईन म्हणतोय, आणि पुढच्याच घासाला त्याचा निकाल लागतो. चित्रीकरणासाठी खोट्या छातीत खाटकाकडून आणलेली आतडी-काळजं भरली होती. रक्त नेमकं किती आणि कुठवर उडणार, हे बाकीच्या नटांना सांगितलंच नव्हतं. व्हेरोनिका कार्टराइटच्या तोंडावर चिळकांडी बसली तेव्हाची तिची किंचाळी अभिनयातली नाही. ही माहिती ऐकून आठवडी बाजारातून मटण नेणारा गृहस्थ पडदा थांबवायला लावतो, जवळ जाऊन बघतो आणि निकाल देतो: “वजडी आहे. धुतलेली नाही.” मग तो प्रसंग पुन्हा लावला तरी कुणी घाबरत नाही. बायकांचा आक्षेप आणखी वेगळा. शुभांशु शुक्ला 2025 च्या जूनमध्ये अंतराळ स्थानकावर गेले ते गाजराचा हलवा, मुगाचा हलवा आणि आमरस घेऊन. इतक्या लांबच्या प्रवासाला निघालेल्या सातजणांत एकाच्याही घरून डबा दिलेला नाही, ही कसली माणसं?

बायकांच्या मतांकडं जरा थांबून बघायला हवं, कारण सिनेमाचा कणा त्यांनी अचूक पकडला आहे. बाहेर गेलेल्या केनच्या तोंडाला तो जीव चिकटतो. सोबती त्याला उचलून दारापाशी आणतात, दार उघड म्हणतात. आत रिप्ली नावाची अधिकारी आहे. ती म्हणते, नियम चोवीस तासांचा आहे, दार उघडणार नाही. कप्तान ओरडतो, तरी ती बधत नाही. शेवटी ॲश दार उघडतो आणि तिथून सत्यानाश. 1979 साली रिप्ली कठोर वाटली असेल. 2020 नंतर शेवगावात ती आशाताई वाटते.

ज्यांच्या डाव्या हातावर शाईचा शिक्का बसला होता, ज्यांनी पुण्याहून येऊन गावच्या झेडपी शाळेत बाकावर चौदा दिवस काढले, ज्यांना वेशीवर लावलेली बाभळीची फांदी ओलांडता आली नाही, त्यांना रिप्लीचा नियम पाठ आहे. उलट चोवीस तास कमीच, असं त्यांचं म्हणणं. आणि ते बरोबर आहे. 1969 मध्ये चंद्रावरून परतलेल्या आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स या तिघांना 21 दिवस कोंडून ठेवलं होतं. राष्ट्राध्यक्ष निक्सन भेटायला आले ते काचेच्या अलीकडून बोलले. चंद्रावर जंतू नाहीत अशी खात्री पटल्यावर, अपोलो 14 नंतर, ही पद्धत बंद झाली. एक आज्जी हे ऐकून म्हणाल्या, “राष्ट्रपती काचेबाहेर थांबला आणि आमचा जावई थांबंना.” कोणत्या साली, ते त्यांनी सांगितलं नाही, सगळ्यांना ठाऊक होतं.

रिप्ली बाई आहे हेही मूळ संहितेत ठरलेलं नव्हतं. लेखकांनी लिहून ठेवलं होतं, की यानावरची कुठलीही भूमिका बाईनं किंवा पुरुषानं करावी. सिगर्नी वीव्हरला ती मिळाली आणि इतिहास झाला. शेवगावातल्या बायकांना मात्र यात बंड-बिंड काही दिसत नाही. एक बाई पहिल्यापासून बरोबर सांगत होती, सहा जणांनी ऐकलं नाही, मग निस्तरायला तीच उरली. यात परग्रह कुठं आला?

पुरुषमंडळी तोवर बिबट्यावर आलेली असतात. नगर जिल्ह्यात हे अटळ आहे. उसात जन्मलेला, उसातच वाढलेला, दिवसा न दिसणारा आणि रात्री शेळी नेणारा प्राणी ज्यांच्या बांधावर आहे, त्यांना यानाच्या नळ्यांत लपलेला एलियन परका वाटत नाही. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, जंगल नाही आणि वस्ती दाट आहे अशा शेतीच्या मुलखात, 100 चौरस किलोमीटरला पाचाच्या जवळपास मोठे बिबटे मोजले. 2013 मध्ये ते प्रसिद्ध झालं. तेव्हा वस्तीवरच्या माणसाला पडद्यावरच्या शहाण्यांचं वागणं बघवत नाही. अंधारात काही तरी आहे हे माहीत असताना ब्रेट एकटा निघतो, हातात ना बॅटरी ना काठी, आणि कशासाठी, तर मांजर शोधायला! वन खात्याला फोन नाही, पिंजरा नाही, शेळी बांधलेली नाही. रात्रीच्या लाइटीवर पाणी धरायला जाणारा पोरगासुद्धा मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावतो, घुंगराची काठी आपटत चालतो. “त्याला गाणं लावता आलं असतं,” असं तो पोरगा म्हणतो तेव्हा त्याच्या बोलण्यात टिंगल नसते.

आणि ते मांजर शेवटी जिवंत राहतं! ही गोष्ट कुणालाच पटत नाही. अकोल्याच्या त्याच मुलखात बिबट्याच्या विष्ठेवरून केलेल्या अभ्यासात त्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. मांजरंही त्यात होतीच. पाच माणसांचा फडशा पाडणारा प्राणी मांजर सोडतो, याचा अर्थ त्याला शिकारीतलं काही कळत नाही किंवा लेखकाला. गंमत अशी, की पडद्यावर ते मांजर एलियनला बघून जे फिस्कारतं, ते खरं तर कुत्र्याला बघून. आडोशामागं जर्मन शेफर्ड उभा केला होता आणि ऐन वेळी आडोसा बाजूला केला. एवढं कळल्यावर बैठकीचा त्या दृश्यापुरता विश्वास परत बसतो.

मतं अशी मोठ्यानं, सिनेमा चालू असतानाच द्यायची असतात, ही इकडची जुनी रीत आहे. जत्रेत तंबूतले टॉकीज यायचे तेव्हापासूनची. रीळ तुटलं की शिट्ट्या, खलनायक आला की शिव्या, आणि मागून कुणी तरी पुढची गोष्ट सांगणार. महाराष्ट्रातल्या या फिरत्या तंबूंवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला, तो 2016 मध्ये कान महोत्सवात गौरवला गेला. कानच्या प्रेक्षकांनी तो अर्थातच गप्प बसून पाहिला असणार. अंतराळात कुणाची किंकाळी कुणाला ऐकू जात नाही, अशी ‘एलियन’ची जाहिरात होती. हवा नाही म्हणून आवाज नाही, हे शास्त्र ठीक. पण लग्नाच्या वरातीत डीजेच्या भिंतीसमोर उभं राहिलेल्याला त्यासाठी एवढ्या लांब जायची गरज वाटत नाही.

खऱ्या अंतराळाचीही हजेरी शेवगावात याच वहीत लागते. सुनीता विल्यम्स 5 जून 2024 ला आठवड्याभरासाठी म्हणून गेल्या, यान बिघडलं, आणि परत आल्या त्या 286 दिवसांनी, दुसऱ्याच कंपनीच्या यानातून. टीव्हीवर तज्ज्ञ थ्रस्टर आणि हेलियमची गळती समजावत होते. बसस्टँडवरच्या कँटीनमध्ये त्याचं सार एका वाक्यात झालं: गाडी बंद पडली, मागून येणाऱ्या गाडीत बसवलं.

आपल्याकडं अंतराळाचा भयपट कुणी करेल का, हा विषय निघाला की दोन गट पडतात. एक गट म्हणतो, खर्च परवडायचा नाही. दुसऱ्या गटातल्या एखाद्या कॉलेजच्या पोरानं ‘कार्गो’ बघितलेला असतो. नागपूरच्या आरती कडव यांचा हा सिनेमा 2020 मध्ये नेटफ्लिक्सवर आला. पुष्पक 634ए नावाचं यान, त्यात विक्रांत मॅसीचा प्रहस्थ हा राक्षस, आणि त्याची नोकरी मेलेल्या माणसांना पुनर्जन्मासाठी तयार करून पाठवायची. येणाऱ्याच्या खिशातल्या वस्तू काढून घ्यायच्या, आठवणी पुसायच्या, पुढचा. भीती अशी त्यात नाहीच. आहे ते तहसील कार्यालय. पोरगा हे सांगतो तेव्हा बाकीच्यांना सिनेमा बघण्याआधीच पटतो. एकजण तर विचारतो, तिथं एजंट आहेत का?

बैठक मोडता मोडता 1986 चा ‘एलियन्स’ निघतो, कारण रिप्लीचं पुढं काय झालं हे बायकांना हवं असतं. झालं ते असं. यान उडवून, राक्षसाला बाहेर फेकून ती झोपपेटीत शिरली ती 57 वर्षांनी सापडली. शुद्धीवर आल्यावर कंपनीनं तिला समितीपुढं उभं केलं. पाच माणसं मेली, याच्यापेक्षा साहेबांना घोर होता यानाचा: 4 कोटी 20 लाख डॉलरची मालमत्ता, वर माल वेगळा. राक्षसाची गोष्ट कुणी खरी मानली नाही, तिचा परवाना गेला, आणि ती गोदीत लोडर चालवायला लागली. यावर बागायतदार गप्प, मुकादम गप्प. तोडणीवाली बाई एवढंच विचारते, की त्या सत्तावन्न वर्षांचा पगार दिला का.

नाही दिला.

“झोपली होती ना,” कंपनीची बाजू घेणारा म्हणतो, “झोपेची हजेरी कशी लावणार?”

त्यावर कारखान्यातून निवृत्त झालेले एक नाना पहिल्यांदाच तोंड उघडतात. रात्रपाळीत बॉयलरमागं झोपूनही पूर्ण हजेरी लागलेली चार नावं ते बसल्या बसल्या सांगतात आणि पाचव्यापाशी, समोर त्याचाच मुलगा बसलाय हे बघून, चहा मागवतात.